भट्टी आमची, मुलगा सरांचा

'ताई, नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. आमची काजूची भट्टी माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे, आता बाबा आणि मी बघतो. मुलगा नववीत, निवासी विद्यालयात. सहावीला परीक्षा देऊन तिथे लागला तेव्हा आम्ही वाड्यावर पेढे वाटले होते. शाळेबद्दल तक्रार नाही. त्याच्या हाऊसचे सर गणित शिकवतात, परराज्यातले आहेत. मुलाच्या तोंडी सतत सर. सर पहाटे पाचला उठतात, सर स्वतःचं ताट स्वतः घासतात, सर खोटं बोलत नाहीत. गेल्या वर्षी त्याला डेंग्यू झाला तेव्हा आम्ही हॉस्पिटलात पोचलो तर सर उशाशी बसलेले. दुसऱ्या रात्रीही आम्हाला घरी पाठवून तेच बसले.

'पण यंदा मे महिन्यात सुट्टीला आला आणि भट्टीवर यायला साफ नकार दिला. म्हणाला, "पपा, हांव भाटीर येवचों ना." का, तर सर म्हणतात, दारूचा पैसा दुसऱ्याच्या घरातून रडत आलेला असतो. हंगामाच्या पैशांतून त्याला बूट आणले, ते घातले नाहीत. जेवताना माझ्या बाबांना म्हणाला, तुम्ही लोकांना विष विकता. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. ते काही बोलले नाहीत, हात धुऊन उठले. मी मुलाच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

'बाबांनी जन्मभर भट्टी चालवली, पण दारात पेला भरून कधी कुणाला दिला नाही. वाड्यावरच्या एका बाईनं येऊन सांगितलं होतं, माझ्या नवऱ्याला देऊ नका. तो माणूस मरेपर्यंत बाबांनी त्याला थेंब दिला नाही. आम्हाला विष विकणारे म्हणणारे हे सर कोण? मुख्याध्यापकांकडे तक्रार करू? की मुलाला काढून गावच्या हायस्कुलात घालू? आणि खरं विचारायचं तर, आम्ही वाईट धंदा करतो का?'

— सत्तरीतला एक बाप

भाऊ,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारल्यासारखा लिहिलाय, पण पत्र लिहायला बसलात ते त्याच्याचसाठी. त्याच्याकडे येतेच. आधी सरांचं बघू.

तुमच्या पत्रात या सरांच्या दोन गोष्टी आहेत. एक, हॉस्पिटलातल्या रात्री. दुसरी, ते रडत आलेल्या पैशाचं वाक्य. तुमच्या मुलानं ते वाक्य का उचललं, याचं उत्तर त्या रात्रींत आहे. तेच वाक्य एखाद्या पाहुण्या वक्त्यानं येऊन ऐकवलं असतं तर पोरं जांभया देत बसली असती.

मी दिवसाच्या शाळेत शिकवलं. तिथे शिक्षकाची एक सोय असते. सकाळी शाळा भरते, दुपारी सुटते, तेवढा वेळ नीट वागलं की भागतं. घरी गेल्यावर तो कुणावर खेकसतो, बाजारात मासळीवालीशी कसा बोलतो, हे मुलांना कुठे दिसतं? निवासी शाळेत ही सोय नाही. पहाटेच्या पीटीपासून रात्री दिवे मालवेपर्यंत मुलं त्या एका माणसाकडे बघत असतात. मेसमधलं जेवण बिघडलं तेव्हा तो आचाऱ्याला काय म्हणाला, रांगेत उभा राहिला की मागच्या दारानं ताट घेऊन आला, मॅच हरल्यावर चिडला का, झाडूवाल्या काकांना नावानं हाक मारतो का. अकराव्या वर्षी घर सोडून आलेलं पोर असं बघणारच. त्याला कुणीतरी एक मोठं माणूस बघायला हवंच असतं आणि घरातली मोठी माणसं पुन्हा चतुर्थीलाच दिसणार असतात.

साने गुरुजींचं उदाहरण आपल्याकडे इतक्यांदा दिलं जातं की ते आता कुणाला ऐकू येत नाही, तरी देते, कारण ते नेमकं इथे लागू पडतं. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलं वर्गात गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं आवरून ठेवत. 'खोली स्वच्छ ठेवा' असं भाषण करण्याची मग गरजच उरली नाही. पण गुरुजी एवढंच करत नव्हते. मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हातानं एक दैनिक लिहून काढत. छात्रालयाच्या भिंतीबाहेरचं जग त्यातून आत यायचं. झाडूची गोष्ट सगळे सांगतात, या दैनिकाची फार थोडे. मला दुसरी जास्त मोलाची वाटते. मुलाला आपल्याकडे ओढून घेणं पुष्कळ चांगल्या माणसांना जमतं. ओढून घेतल्यावर त्याचं तोंड जगाकडे वळवणं थोड्यांना जमतं.

तर तुमच्या सरांच्या बाबतीत पहिली गोष्ट अशी, की ज्यानं रात्री जागवल्या त्याचं प्रत्येक मत बरोबर असेलच असं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे वेगळं काढता येत नाही, त्याच्या लेखी माणूस अख्खा खरा किंवा अख्खा खोटा. पण भाऊ, तुम्ही तर मोठे आहात, आणि तुम्ही त्याच चुकीची उलटी बाजू करताय. मत टोचलं म्हणून रात्रीसकट माणूस मोडीत काढायला निघालात.

दुसरी गोष्ट. सर नेमकं काय म्हणाले, हे तुम्हाला माहीत नाही. मुलानं जे सांगितलं ते माहीत आहे. 'दारूचा पैसा दुसऱ्याच्या घरातून रडत आलेला असतो' हे वाक्य मला तरी सकाळच्या परिपाठाला सगळ्यांसमोर बोललेलं वाटतं. कुणा एकाच्या बापाला उद्देशून केलेलं नाही वाटत. सरांना तुमच्या घरी काजूची भट्टी आहे हे ठाऊक तरी आहे का? आणि समजा आहे. ते परराज्यातले. देशात बहुतेक ठिकाणी घरची भट्टी म्हणजे पोलिसांची धाड आणि विषारी दारूनं माणसं मेल्याची बातमी. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, बिहारात २०१६ पासून. अशा मुलखातून आलेल्या माणसाला आपल्याकडे अबकारी खातं काजूच्या बागांची पावणी म्हणजे लिलाव करतं, भट्टीला परवाना लागतो, हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंचे ग्राव, म्हणजे कडकपणा, मोजले जातात, हे सांगितल्याशिवाय कसं कळणार? त्याला वाटत असेल, बिचारा पोरगा गुन्ह्याच्या घरातून आलाय, याला वाचवलं पाहिजे.

तिसरी शक्यता मला जास्त दाट वाटते, आणि तिच्यात सरांचा हात कमी आहे. वसतिगृहात शिक्षकाचं बोलणं मुलांपर्यंत सरळ येत नाही. मोठी पोरं ते उचलतात, वाकवतात, त्याची टोपणनावं करतात. परिपाठात सर दारूबद्दल बोलले आणि त्या रात्री डॉर्मिटरीत कुणीतरी तुमच्या मुलाला 'काय रे भट्टी' म्हणून हाक मारली, असं झालं नसेल कशावरून? चौदाव्या वर्षी तत्त्वापेक्षा लाज पुष्कळ जोरात ढकलते. आजोबांसमोर ताडकन विष म्हणणारा मुलगा मला तत्त्वनिष्ठ कमी आणि दुखावलेला जास्त वाटतो. तुम्ही त्याला विचारलंत, भट्टीवर का येत नाहीस. आता हे विचारा, तिकडे तुला कुणी काही बोलतं का? विचारताना त्याच्याकडे बघू नका. स्कूटरवर मागे बसवून न्या आणि चालवता चालवता विचारा. या वयाची मुलं पाठीशी बोलतात.

आता थोबाडीचं. तिथे तुमचा मुद्दा संपला, भाऊ. तोवर चूक त्याची होती, म्हाताऱ्या माणसाला भरल्या ताटावरून उठवण्याइतकी मोठी. हात उठल्यावर हिशेब फिरला. ज्या सरांनी त्याला कधी बोट लावलं नसेल त्यांच्याशी आता तो तुमची तुलना करतोय. तुम्ही त्याची माफी मागा. 'मी मारायला नको होतं' एवढं एकच वाक्य, पुढे 'पण तूसुद्धा' न लावता. तो आजोबांची माफी मागेल की नाही ते नंतर बघू. मला वाटतं मागेल, कारण माफी कशी मागतात हे त्यानं तोवर घरात पाहिलेलं असेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सारखी खटकली. त्यात वहिनींचं एकही वाक्य नाही. मुलगा घरात आहे, बूट कोपऱ्यात पडलेत, सासरे उपाशी उठले, आणि आई काय म्हणाली? त्या काही तरी म्हणाल्या असणारच. कदाचित मुलानं त्यांना सगळं सांगितलेलंही असेल. आधी त्यांना विचारा, मग स्कूटर काढा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. आम्ही वाईट धंदा करतो का?

सोपं उत्तर द्यायचं तर काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, तुमच्याकडे परवाना आहे, झालं. पण हे मुलाला ऐकवायला जाऊ नका. सरकार मांडवी नदीतल्या कॅसिनोंनाही परवाने देतं, आणि तुमचा मुलगा ते तुम्हाला लगेच ऐकवील. नववीतल्या मुलांना असली उत्तरं बरोबर सुचतात.

माझं मत विचाराल तर तुमचा धंदा वाईट नाही. कष्टाचा आहे, हुनराचा आहे. बोंडं झाडावरून पडल्यावरच वेचायची, तुडवायची, नीरो म्हणजे रस वेगळा काढायचा, भाण, म्हणजे भट्टीवरचं भांडं, केव्हा उतरवायचं ते नुसत्या वासावरून ओळखायचं, हे एका पिढीत येत नाही. पण तो अगदी निष्पाप आहे असंही मी म्हणणार नाही. तुमच्या दारातून गेलेली बाटली कुठल्या घरात जाते, हे तुम्हाला प्रत्येक वेळी माहीत नसतं. दारूनं बसलेलं घर गोव्यात प्रत्येक वाड्यावर एखादं तरी दाखवता येतं. सर म्हणाले त्यात एवढं खरं आहेच.

आणि हे तुमच्या बाबांना सरांच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. नाहीतर दारात पेला भरून न देण्याचा नियम त्यांनी कशाला केला असता? ती बाई येऊन सांगून गेली, तिच्या नवऱ्याला त्यांनी जन्मभर थेंब दिला नाही. गिऱ्हाईक सोडलं, त्या माणसाच्या शिव्याही खाल्ल्या असतील. आपण निर्मळ दूध विकतो असं समजणारा माणूस असं वागत नाही. आपल्या हातातल्या वस्तूनं काय होऊ शकतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच असा वागतो. मला तर तुमचे बाबा आणि ते गणिताचे सर हे दोघं एकाच बाकावर शेजारी बसतील अशी माणसं वाटतात. फरक इतकाच, की मुलानं सरांना पाहिलंय, रोज, चार वर्षं. आजोबांना पाहिलेलंच नाही.

ती बाई आली होती ही गोष्ट तुम्ही मला लिहिलीत. माझी तुमची ओळख नाही. मुलाला कधी सांगितलीत? माझी खात्री आहे, नाही. आपल्याकडच्या घरांत हे असंच असतं. बाप कष्ट करतो पण सांगत नाही, आजोबा नियम पाळतात पण बोलत नाहीत, आणि मग बाहेरच्या एकानं चार गोष्टी करून दाखवल्या की आपल्याला वाटतं त्यानं पोर पळवलं. त्यानं पळवलेलं नाही. ती जागा मोकळी होती.

म्हणून आता हे व्याख्यान देऊन सांगायला बसू नका. 'तुझे आजोबा किती थोर आहेत' असं सुरू केलंत की तो उठून जाईल. आजोबांना त्याच्यापुढे आपली बाजू मांडायला तर मुळीच लावू नका, त्या वयात माणसानं नातवापुढे आरोपीसारखं उभं राहायचं नसतं. हंगाम संपलाय, भट्टी थंड आहे, पुढच्या वर्षी काजू लागेपर्यंत भांडायला कारणही नाही. हा वेळ फुकट मिळालाय. चतुर्थीला तो घरी येईल. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, रानातली फळं-फुलं, आणायला दोघांना रानात पाठवा, आजोबा आणि नातू, तिसरं कुणी नको. कांगलं कुठल्या बाजूला मिळतं, कवंडळ कुठल्या झाडावर चढलेलं असतं, हे बाबांना माहीत असणार आणि मुलाच्या सरांना नसणार. चढायचं काम नातवाचं, दाखवायचं काम आजोबांचं. त्या बाईची गोष्ट निघाली तर तिथे निघेल. नाही निघाली तर रात्री वहिनींनी भाजी चिरता चिरता सांगावी. सहज, कुणाला काही पटवून द्यायचं नाही अशा आवाजात.

बुटांचं म्हणाल तर त्याला जुनेच बूट घालू द्या. हे रागानं म्हणत नाही. तत्त्व आहे ना, मग पावसात गळके बूट घालून पीटीला जाऊ दे, त्याची किंमत त्याच्या पायांना कळू दे. आठ दिवसांत त्यानं नवे बूट काढले तर हसू नका. नाही काढले, तर पोरात दम आहे असं मनात समजा आणि गप्प राहा.

आता सरांना कसं पारखायचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण तक्रार करायची की नाही हे त्यावरच ठरतं.

भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत होते तेव्हा जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत ये, असं त्यांना सांगण्यात आलं. ते काही ऐकेनात, आणि बोर्डिंग सुटलं. पुढे याच माणसानं १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं, आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या गोष्टीतून मी दोन गोष्टी घेते. एक म्हणजे, वसतिगृहातल्या वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणणं हासुद्धा चारित्र्याचाच भाग आहे. दुसरी जरा तुमच्या विरुद्ध जाते. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवलेली पोरं सुट्टीत आपापल्या गावी गेली असतील, तेव्हा घरच्या ओसरीवर त्यांनी काय काय विचारलं असेल? किती बापांचे हात उठले असतील? मुलगा घरी येऊन अवघड प्रश्न विचारतो, एवढ्यावरून शिक्षक वाईट ठरत नाही.

तर मुलाला एक प्रश्न विचारा. सरांची कुठली गोष्ट तुला पटत नाही? तो हसून म्हणाला, 'सर क्रिकेटमध्ये कायम स्वतःच आधी बॅटिंग घेतात' किंवा 'सर मराठी पुस्तकांना हसतात', तर निश्चिंत राहा. त्याचे डोळे उघडे आहेत. 'सरांचं सगळंच बरोबर असतं' असं उत्तर आलं तर थोडं सावध व्हा. सरांचा दोष असेलच असं नाही, पण मुलानं डोळे मिटलेत. सरांनाही भेटल्यावर बघा, मुलं त्यांच्याशी वाद घालतात का. आपल्यासारखीच हुबेहूब पोरं घडवून खूश होणारा शिक्षक कितीही सज्जन असला तरी मला त्याची थोडी भीती वाटते. तो बदली होऊन गेला की मुलं कोलमडतात, आणि अशा शाळांत बदल्या होतातच.

खरा धोका वेगळाच असतो. तुमच्या पत्रात त्याची खूण नाही, पण ज्यांची मुलं वसतिगृहात आहेत असे पुष्कळ जण हे सदर वाचतात म्हणून लिहिते. एखादा शिक्षक एकाच मुलाला वेगळं काढून भेटवस्तू देतो, खोलीत एकट्याला बोलावतो, 'हे घरी सांगू नकोस' म्हणतो, मारतो, किंवा सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, तर मग गोड बोलून समजून घ्यायची वेळ निघून गेलेली असते. गोवा बाल कायदा २००३ सालचा आहे आणि त्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, तो मुलाला पाठ हवा. रात्री जागणारे आणि ताट घासणारे तुमचे सर या यादीत बसत नाहीत. पण चांगल्या माणसाच्या बाबतीतही मुलानं घरी सगळं सांगायची सवय मोडू देऊ नका. आणि ती सवय थोबाडीनं मोडते, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत.

शाळेतून काढायचा विचार सोडून द्या. नववीत बोर्डाकडे नोंदणी झालेली असते, सीबीएसईतून गोवा बोर्डात आणायचं म्हणजे पुस्तकं बदलणार, मित्र बदलणार, आणि पुढच्या वर्षी दहावी. पण हे वरवरचं झालं. खरं कारण असं, की त्याला काढलंत तर तो एकच गोष्ट शिकेल, आपल्या घरात प्रश्न विचारला तर शाळा जाते. मग तो तुम्हाला पुन्हा काही विचारणार नाही. भट्टीवर येईलही, खाली मान घालून. तसा मुलगा तुम्हाला हवाय का?

आणि हे सगळं करूनही तो पुढच्या मार्चमध्ये म्हणाला, आजोबा चांगले आहेत, तुम्हीही चांगले आहात, पण मी भट्टीवर येणार नाही, तर? तर नको येऊ दे. हे लिहिताना मला ठाऊक आहे, तुमच्या आजोबांपासूनची भट्टी तुमच्या हातावर बंद पडायची शक्यता मी तुमच्यापुढे ठेवतेय. सत्तरीत कितीतरी भट्ट्या अशाच बंद झाल्या, पोरं नोकऱ्यांना गेली म्हणून, आणि तेव्हा कुणी सरांना दोष दिला नाही. 'आमचं खातोस तर आमचं काम कर' हा मुद्दा मात्र वापरू नका. मुलाला जेवू घालणं ही उधारी नव्हे, की वाढल्यावर वसूल करावी. त्याला वेगळी वाट धरायची असेल तर धरू दे, फक्त आजोबांच्या ताटाशी बसून त्यांना विष विकणारे न म्हणता. एवढी अट तुम्ही घालू शकता आणि घालाच.

सरांना भेटायला पुढच्या भेटीच्या रविवारी जा, वहिनींना घेऊन. जाण्याआधी मुलाला सांगा की आम्ही सरांशी बोलणार आहोत, भांडणार नाही. त्याच्या पाठीमागून गेलात तर त्याची डॉर्मिटरीत शोभा होईल. पहिल्यांदा हॉस्पिटलातल्या रात्रींबद्दल आभार माना. तुम्ही ते अजून नीट मानलेले नाहीत असं मला पत्रावरून वाटतं. मग सरळ सांगा, 'सर, आमची काजूची भट्टी आहे, परवान्याची. त्यावरून घरात असं असं झालं. तुम्ही नेमकं काय म्हणाला होता?' आणि मग ऐका. मधे तोडू नका. ते ओशाळले तर तिथेच प्रश्न मिटला. ते म्हणाले, 'हो, माझं दारूबद्दल तेच मत आहे,' तर म्हणा, असू दे, पण मुलाला घरच्या माणसांची लाज वाटेल असं होऊ नये, एवढं तुम्हीच त्याला सांगा, कारण तुमचं तो ऐकतो. हे म्हणताना तुम्हाला जड जाईल. पण त्यांच्या शब्दाचा जो जोर तुम्हाला बोचतोय तोच इथे कामाला येईल, आणि सर खरंच मुलं म्हणतात तसे असतील तर नाही म्हणणार नाहीत. जमलं तर त्यांना मार्चमध्ये भट्टी बघायला बोलवा. पाजायला नव्हे, दाखवायला. गणिताच्या माणसाला ग्रावाचा हिशेब आवडेल, आणि तो तुमच्या बाबांनी समजावून द्यावा.

तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला असलात तर तूर्त ट्रंकेत राहू द्या. सरांशी बोलल्यावरही त्यांनी मुलाच्या घराला वर्गात नावं ठेवणं चालूच ठेवलं, तर मुख्याध्यापकांकडे जा, लेखी द्या आणि पोच घ्या. तेव्हाही मुलाला सांगूनच जा.